दगडाची शीर

"गाठोडं ठेव खाली, मुकादम! माझं दुसरं पोर तुझ्या समिंदरात जायचं न्हाय!"

चिमाबाईच्या ओरडण्यानं सोलापूरच्या शुक्रवार पेठेबाहेरच्या खाणीतले घण थांबले. अण्णाराव मुकादम ओशाळं हसला. काठेवाडच्या किनाऱ्यावर चुनाभट्टीसाठी समुद्रातला पोवळ्याचा दगड फोडायला तो इथनं माणसं न्यायचा. गेल्या साली चिमाबाईच्या थोरल्याला, येडूला नेलं आणि उजव्या हाताची दोनच बोटं शिल्लक ठेवून परत आणलं. आज धाकटा धुळा निघाला होता, त्याचं गाठोडं मुकादमाच्या हातात होतं.

"मावशी, येडूचंच चुकलं. वाम चावली त्याला. बिळात हात घालू नये, एवढं कळाय नगं व्हय?"

चिमाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. बिळात म्हणे! छिन्नी लावायच्या आधी फटीत बोटं घालून दगडाची शीर, तो जिथनं सरळ फुटतो ती रेघ, चाचपायची, हे येडूला सहाव्या वर्षी तिनंच शिकवलं होतं. डोळे मिटून शीर सांगणारं पोर अख्ख्या खाणीत दुसरं नव्हतं.

"फटीत जित्राब ऱ्हातं, ह्ये सांगितलंतास का त्याला?"

"आय, वामीला बोल लावू नगं." परतल्यापासून अबोल झालेला येडू खडीच्या ढिगावरनं बोलला. "मासाच त्यो, सापावानी लांब. दिसभर फटीतनं तोंड काढून बसती बापडी. आन् त्यो दगड मेलेला न्हाय. बारकंबारकं जीव बांधत्यात त्याला, समदी मासळी त्याच्याच आसऱ्याला. आमी तिचं घर फोडलं. आता तितल्या कोळ्यांची जाळी रिकामी येत्यात, आन् त्यो दगड अडवायचा त्या लाटा थेट झोपडीत."

"समिंदर काय संपतोय व्हय!" मुकादम म्हणाला.

"माझ्या पोराचा हात संपला की!" चिमाबाईनं गाठोडं हिसकलं, धोतर-भाकरी सगळं खडीवर उधळलं. "जा! तुझ्या भट्टीच्या सायबाला ने. त्याचा हात घाल फटीत!"

धुळा वाकला. कपडे गोळा करील असं वाटलं. त्यानं घण उचलला.

मुकादम तणतणत गेला. चिमाबाई छिन्नी घेऊन शिळेपाशी बसली. कोरडा काळा दगड, चाळीस वर्षांच्या ओळखीचा. पण हात फटीच्या तोंडाशी अडला, आत जाईना. तिला स्वतःचाच संताप आला.

येडू शेजारी टेकला. उरलेली दोन बोटं त्यानं फटीत सारली, डोळे मिटले.

"हितं हाय, आय."

तिनं तिथं छिन्नी धरली. धुळानं घण वर नेला.

"थांब की मुडद्या!" ती किंचाळली. "त्याची बोटं निघूंदेत आधी!"

बोटं कधीच निघाली होती.