सूतभर बाहेर

मी ओळंबा बोलतोय. हो, तोच, गवंड्याच्या पिशवीत तळाशी पडलेला. मूठभर पितळ, हातभर लांबीच्या दहा गुंडाळ्या दोरी आणि दोरीत ओवलेला लाकडी गुटका, एवढाच माझा संसार. गुटका वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो की भिंत सरळ. चिकटलो किंवा लांब राहिलो की कललेली. तिसरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा भारी तोरा होता.

आमच्या मिस्त्रीलाही होता. त्याच्या बापानं जाताना दोनच वस्तू त्याच्या हाती दिल्या, मी आणि पवित्र शास्त्राचा ग्रंथ. त्यानं दोन्ही एकाच कामाला लावले, लोकांचं वाकडं काढायला. चर्चमध्ये कुणी उशिरा आलं, कुणाच्या घरी भांडण झालं, की ह्याची मान हललीच म्हणून समजा. मंडळीतले लोक पाठीमागे त्याला 'काटकोन' म्हणायचे. त्याची लेक तोंडावर म्हणायची. तेवढी सूट जगात तिला एकटीलाच होती.

लेक लहान असल्यापासून त्याच्याबरोबर कामावर. परांचीवर उभा राहून तो मागे न बघता हात करायचा आणि त्या हातात वीट यायची. कधी चुकली नाही. पुढे ती स्वतः भिंती बांधायला लागली. "छान झालीय" असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. पण तिच्या भिंतीवर मला सोडताना त्याचा हात हलका व्हायचा, ते मला दोरीतून कळायचं.

मग एका पायाच्या कामात माझा जुना गुटका निसटला आणि ओल्या काँक्रीटमध्ये गडप झाला. मिस्त्री घाईत होता. फळीचा एक तुकडा उचलला, नजरेच्या अंदाजानं कापला, भोक पाडून दोरीत ओवला. गुटक्याची आणि माझी जाडी तंतोतंत सारखी असावी लागते, नाहीतर सरळ भिंतही वाकडी दिसते. हे तो शंभर जणांना शिकवत आला होता. त्या दिवशी त्यानं ताडून पाहिलं नाही. नवा गुटका माझ्यापेक्षा बारीक होता.

त्याच महिन्यात चर्चच्या आवारात मुलांच्या वर्गासाठी खोली बांधायला घेतली. रस्त्याकडची भिंत लेकीनं उभी केली. उपासना संपवून मंडळी ती बघायला आली आणि मिस्त्रीनं मोठ्या ऐटीत मला खाली सोडलं. मी भिंतीला चिकटलो.

"सूतभर कललीय," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"बाबा, माझ्या ओळंब्यात सरळ येतेय."

"तुझा ओळंबा कालचा. हा माझ्या बापाचा आहे. देवाच्या घरात वाकडं चालायचं नाही."

तो घण आणायला गेला. परत आला तेव्हा लेक बाजूला झाली. "पाडा," एवढंच म्हणाली. त्यानं पाडली. मी परांचीच्या दांड्याला लटकलेला होतो. मला तोंड असतं तर बोंब मारली असती हो! पण मला फक्त लटकता येतं. दुसऱ्या दिवशी लेक परगावी कामाला गेली ती गेलीच.

सहा वर्षं. ह्या सहा वर्षांत मिस्त्री परांचीवर कितीदा मागे न बघता हात करायचा आणि तो हात तसाच उघडा राहायचा. मग स्वतःशीच खाकरून तो वाकून वीट उचलायचा. घरी बायको हळू आवाजात लेकीशी फोनवर बोलायची. तो आत आला की फोन ठेवायची. त्यानं कधी विचारलं नाही, पण फोन चालू असेपर्यंत तो दाराबाहेर चपला काढत उभा राहायचा. चपला काढायला एवढा वेळ लागतो का?

एका रविवारी चर्चचे पाळकसाहेब नियमशास्त्रावर, म्हणजे देवाच्या आज्ञांवर, बोलणार होते. "मिस्त्री, तुमचा ओळंबा आणाल?" त्यांनी विचारलं. मिस्त्रीची छाती फुगली. पाळकसाहेबांनी मला आणि गुटक्याला मेजावर शेजारी शेजारी आडवं ठेवलं आणि मी घरंगळू नये म्हणून आम्हा दोघांवर ग्रंथ ठेवला.

ग्रंथ एका अंगाला कलला.

पाळकसाहेबांनी गुटक्याखाली घडीचा रुमाल सरकवला आणि बोलायला लागले. "नियमशास्त्र ह्या ओळंब्यासारखं आहे. पाप कुठे आहे ते दाखवतं. पण ओळंब्यानं आजवर एक वीट तरी सरळ केली का? म्हणून तर जो निर्दोष होता त्या देवाच्या पुत्रानं आपला दोष स्वतःवर घेतला. त्याला कृपा म्हणतात, आणि ती कमावता येत नाही."

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पहिल्या बाकावर मिस्त्री मात्र त्या रुमालाकडे बघत पांढराफटक पडला होता.

नंतरचे पंधरा दिवस तो नवा, नीट ताडलेला गुटका घेऊन दारोदार फिरला. सहा वर्षांत बांधलेली एकेक भिंत मोजली. "सगळ्या पाडून पुन्हा बांधून देतो," तो पाळकसाहेबांना म्हणाला.

"मिस्त्री, सूतभरानं कुठलं घर पडत नाही. आणि भिंती काही तुमच्यावर रुसलेल्या नाहीत," ते म्हणाले. "जी रुसलीय तिच्याकडे जा."

तो गेला. मी पिशवीत होतो, तो बारीक गुटका त्याच्या मुठीत. लेक एका शाळेच्या भिंतीवर होती. पहिल्या परांचीवर चढताना त्याला दम लागला. वाटेत घोकलेलं सगळं विसरला आणि नुसती मूठ उघडली.

"भिंत सरळ होती पोरी. वाकडा मी होतो."

लेकीनं गुटका बघितला. "माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"तुम्ही घण आणायला गेला होता ना, तेव्हा गुटका ओळंब्याला लावून पाहिला मी."

हे मला ठाऊक होतं. त्या मिनिटभरात मी तिच्याच हातात होतो. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचा हक्क तिचा होता.

"मग बोलली का नाहीस?" मिस्त्रीनं विचारलं.

"सगळी मंडळी उभी होती बाबा. तुमची मान खाली गेलेली मला बघवली नसती." तिनं हातातली थापी झटकली. "राग आला नाही असं नाही हं. खूप आला. सहा वर्षं वाट बघितली तुमची."

तो लहान मुलासारखा रडला. तिनं गुटका घेतला, दोन विटांच्या मधे ठेवला आणि वर थापीभर माल दाबला.

"अगं, भिंतीत लाकूड घालतात का कुणी!"

"काटकोन, गप्प बसा जरा," ती डोळे पुसत म्हणाली. "तो विषय तिथेच पुरला. थापी घ्या, वरचा थर तुमचा."

आता मी लेकीच्या पिशवीत असतो. अजूनही वाकडं ते वाकडंच सांगतो, त्यात माझी सुटका नाही. पण माझा तोरा गेला. मला खाली सोडाल तेव्हा शेजारी माल आणि थापी घेतलेला एक हातही असू द्या, एवढंच मागणं आहे. माझ्या एकट्याच्या भरवशावर कुणाला उभं करू नका.

त्या दिवशी मिस्त्रीनं पहिली वीट लावली. ती सूतभर बाहेर गेली. मी दाखवलं. लेकीनं थापीच्या मुठीनं दोनदा टकटक केली आणि वीट सरळ बसली. मग मिस्त्रीनं नाक पुसलं, समोर बघत उभा राहिला आणि सवयीनं मागे हात केला.

हातात वीट आली.