दाजींची गाडी गार होते

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या आणि स्वतः कशानेच न तापणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? गिऱ्हाईक अंगावर ओरडत आलं तरी हा शांतपणे पाना पुसत उभा. त्याला घाम फोडणारी माणसं जगात दोनच होती. एक त्याची थोरली बहीण आणि दुसरे तिचे यजमान. ताई आणि दाजी. त्या सकाळी दोघांचेही फोन आले, एकमेकांना चोरून.

आधी दाजींचा. ‘गाडी घेऊन येतोय. एसी चालू करायचा. पण आहे तेच दुरुस्त करायचं. आत एक नवा स्क्रू जरी दिसला ना, तर तुझं-माझं नातं संपलं.’

मग ताईचा. ‘तुझे दाजी निघालेत. त्यांचं काही ऐकू नकोस. आतलं सगळं भंगार उचकटून फेक आणि नवं बसव. आणि त्यांना कळलं, तर तुला बहीण नाही असं समज.’

म्हणजे काहीही केलं तरी एक नातेवाईक कमी होणार होता. कोणता कमी झालेला चालेल, असा विचार थंडोबाच्या मनात येऊन गेला. उत्तरही लगेच आलं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

दाजींची गाडी त्यांच्या लग्नाइतकीच जुनी होती आणि दाजी तिची निगा लग्नापेक्षा जास्त राखत. लांबलचक, नाकाड, फिकट हिरवी. समोरून पाहिलं तर कुणीतरी नुकताच तिचा अपमान केलाय असं वाटावं. डॅशबोर्डवर एसीचं एक चकचकीत बटण होतं. ते फिरवलं की ‘टक्’ असा रुबाबदार आवाज यायचा, आणि बस, तेवढंच. तरी दाजी चारचौघांत ‘आमची एसी गाडी’ असंच म्हणत. ताई त्या एसी गाडीत मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळून, चारी काचा खाली करून बसायची. घरून विंचरून निघालेले केस पोचेपर्यंत घरट्यासारखे झालेले असायचे.

आणि मध्यंतरी ते बसचं प्रकरण झालं होतं. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मेळाव्याला सगळे रांगेने निघाले होते. भर उन्हात एका सिग्नलला ताईने दार उघडलं, खाली उतरली आणि शेजारी उभ्या असलेल्या गारेगार बसमध्ये चढून गेली. मागच्या गाड्यांमधल्या सगळ्या सभासदांनी हे पाहिलं. दाजी मेळाव्याला एकटेच पोचले. ‘इंजिन ओरिजिनल, बायको बसने,’ असं कुणीतरी म्हणालं आणि ते क्लबभर झालं. तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं ‘मीठ दे’ आणि ‘दार लावा’ एवढ्यावर आलं होतं.

आधी दाजींच्या मनासारखं करून बघू, असं थंडोबाने ठरवलं. काही झालं तरी ताईची समजूत रडून काढता येते, दाजी रडण्याला बधत नाहीत.

त्याने बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसर भोपळ्याएवढा, तेलाने माखलेला. डॅशबोर्ड खोलला तर पंख्याच्या डब्यात उंदरांनी ऐसपैस संसार थाटलेला. दाजी समोर स्टुलावर बसले होते, आत आपल्या माणसाचं ऑपरेशन चालू असावं तसे.

‘दाजी, या नळ्या तरी बदलू या. रबराचं पार बिस्कीट झालंय.’

‘ओरिजिनल आहेत त्या.’

‘म्हणून तर बिस्कीट झालंय.’

‘असू दे बिस्कीट. आणि हे आतलं पिवळं काय खरवडतोयस?’

‘फोम आहे. हात लावला की भुगा होतोय.’

‘मग लावू नकोस ना हात!’

थंडोबाने हात लावला नाही. ही त्याची चूक होती आणि करताना त्याला ती ठाऊकही होती. आहेत तेच सील साफ करून बसवले, हाताला लागले तेवढे उंदरांचे अवशेष काढले, गॅस भरला आणि बटण फिरवलं. टक् झालं. आणि खरोखरच गार वारा आला. दाजींनी डॅशबोर्डवरच्या जाळीला नाक लावून डोळे मिटले.

‘याला म्हणतात थंडी,’ ते म्हणाले. ‘हल्लीच्या एसीची थंडी कशी प्लास्टिकची वाटते.’

पुढच्या मेळाव्याला ते थंडोबालाही घेऊन गेले. ताई आली नाही. क्लबचे अध्यक्ष केस काळेभोर रंगवलेले, आणि दुसऱ्याच्या गाडीत नवा नट शोधून काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. दाजींनी त्यांना मानाने पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या आणि वारा पूर्ण सोडला.

‘वा! याला म्हणतात जुनं ते...’ अध्यक्षांनी तोंड उघडलं, तेवढ्यात जाळीतून एक अत्यंत असभ्य आवाज आला. पाठोपाठ पिवळा भुगा, आणि भुग्यामागून उंदरांच्या संसारातलं जे काही उरलं होतं ते, सगळं अध्यक्षांच्या तोंडावर आणि तोंडात. मग बॉनेटखाली धाडकन नळी फुटली आणि पांढरा धूर उठला. आग लागली असं समजून एक सभासद आग विझवायचं नळकांडं घेऊन धावला. त्याने घाईघाईत दार उघडलं आणि बॉनेटवर मारायचं ते अध्यक्षांवर मारलं. अध्यक्षांच्या तोंडाला अक्षरशः फेस आला.

थंडोबा कधी नव्हे तो इतका हसला की खाली बसला. सगळेच हसत होते. मग त्याचं लक्ष दाजींकडे गेलं. ते सीटवर वाकून, रुमालाने पिवळा भुगा एका कोपऱ्यात गोळा करत होते. कुणाकडे बघत नव्हते. थंडोबाचं हसू थांबलं. तो उठला आणि दुसऱ्या बाजूने सीट पुसू लागला.

टो करणाऱ्या गाडीत परत येताना दाजी मागे वळून ओढत आणलेल्या आपल्या गाडीकडे बघत होते. मग म्हणाले, ‘कर बाबा, तुला काय करायचं ते. फक्त मला सांगू नकोस.’

थंडोबाने मग जीव ओतून काम केलं. जुना फोम खरवडून हवेच्या वाटा नव्याने बांधल्या. आटोपशीर नवा कॉम्प्रेसर इंजिनाच्या खालच्या अंगाला, चटकन दिसणार नाही असा बसवला. त्याला धरणारी पट्टी पहिल्यांदा उलटी ठोकली आणि स्वतःलाच चार शिव्या घातल्या. गाडीच्या तोंडावरच्या जाळीमागे गॅस गार करणारा रुंद कंडेन्सर लावून त्याला काळा रंग दिला. नळ्या सगळ्या नव्या. जुना भोपळा मात्र घासूनपुसून जागच्या जागी ठेवला, निवृत्त सासऱ्यांसारखा. काम काही नाही, पण मान पूर्ण. दाजी गॅरेजकडे फिरकले नाहीत. फोनवर फक्त ‘बरी आहे ना?’ एवढंच विचारत.

पहिल्या फेरीला ताई यायला तयार झाली, पण एका अटीवर. ‘थंड्या, तू मागे बस. वाटेत काही झालं तर जबाबदार धरायला माणूस हवा.’

तिघं निघाले. काचा वर. टक्. हळूहळू गाडी गार होत गेली. ताईने मानेवरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. आणि मग जे झालं त्याची कल्पना कुणीच केली नव्हती. इतकी वर्षं काचांतून घोंघावणारा वारा थांबला आणि गाडीत शांतता पसरली.

‘हे काय चाललंय?’ ताईने विचारलं.

‘काय?’

‘हे हूं हूं.’

‘गुणगुणतोय. गाडी चालवताना मी नेहमीच गुणगुणतो.’

‘कधीपासून?’

‘लग्नाच्याही आधीपासून.’

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. थोड्या वेळाने दाजी दचकले. ‘आत्ता काय म्हणालीस?’

‘हळू म्हटलं. दर वळणाला म्हणते. संसारभर म्हणत आलेय.’

‘मला कधी ऐकू नाही आलं.’

‘मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करता.’

इथून जे सुरू झालं त्यात दोघांनी संसाराची सगळी कपाटं उघडली. कुणाची आई काय म्हणाली होती, घराचा रंग कुणी ठरवला, सगळं. थंडोबा काचेला नाक लावून, आपण या गाडीत नाहीच असं तोंड करून बसला. शेवटी बोलण्याची गाडी त्या बसपाशी आली.

‘एवढ्या लोकांदेखत, न सांगता उतरून गेलीस,’ दाजी म्हणाले.

‘न सांगता? अहो, ओरडून सांगत होते, चक्कर येतेय, गाडी बाजूला घ्या! तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि मान हलवलीत. सिग्नलला पुन्हा सांगावं, तर तोंड उघडलं की उलटी होईल असं झालेलं. शेजारी गार बस दिसली, चढले.’

दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ‘मला वाटलं, तू म्हणतेयस, गाडी किती छान धावतेय.’

‘मी? जन्मात कधी म्हटलंय मी असं?’

‘नाही ना. म्हणून तर आनंद झाला होता.’

ती टॉवेलाची नीट घडी घालत बसली. मग हळूच म्हणाली, ‘पुढच्याच थांब्यावर उतरले होते. उभी होते वाट बघत. तुम्ही समोरून निघून गेलात.’

‘मागे सगळे हसत होते. मी कुठेच बघत नव्हतो.’ दाजींनी चष्मा काढून पुसला. ‘आता बरं वाटतंय?’

‘थंडी वाजतेय.’

‘कमी करू?’

‘राहू द्या.’ आणि मागे वळून, ‘तू काय रे कान टवकारून बसलायस?’

‘मी कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतोय.’

‘मेहुणे,’ दाजींनी आरशातून विचारलं, ‘आत काय बसवलंयस रे?’

‘सांगू नकोस म्हणालात तुम्हीच.’

‘बरोबर. सांगू नकोस.’

गाडी पुन्हा निघाली. पुढे बोलणं चालूच होतं, पण सूर उतरला होता. मधेच ताई हसली, मधेच दाजी. मागच्या सीटवर थंडोबाला त्या हसण्यात झोप लागली. जाग आली तेव्हा बाहेर सगळं अनोळखी होतं. घराकडे वळायचा फाटा केव्हाच मागे पडला असावा.

‘ताई, कुठे आलोय आपण?’

‘माहीत नाही,’ ताई म्हणाली. ‘झोप तू.’

गाडी पुसायचं फडकं सीटखाली होतं. थंडोबाने ते अंगावर ओढलं आणि कूस बदलली.