पूर्णवेळ कार्यकर्त्याची बायको

सिंगापूरमधल्या तोआ पायोह वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये रविवार नेहमीसारखाच उजाडला. उन्मेष सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, ठाण्याहून आलेले त्याचे वडील गोविंदराव भाषणाची तयारी करत होते, आणि त्याची आई शुभाताई व बायको वल्लरी स्वयंपाकघरात घाम पुसत होत्या. संध्याकाळी ओळखीची मराठी मंडळी येणार होती. गोविंदराव बोलणार होते ‘साम्यवाद, स्त्रीचे हक्क आणि विवाह’ यावर.

“बाबा, आजच्या राजकारणावर काही नको हं. इथे जपून बोलावं लागतं. इतिहासच सांगा,” उन्मेष म्हणाला.

गोविंदराव कम्युनिस्ट पक्षाचे जुने पूर्णवेळ कार्यकर्ते. पूर्णवेळ म्हणजे माणूस दिवसभर चळवळीचा आणि घर बायकोच्या पगारावर! शुभाताईंनी निवृत्तीपर्यंत टेलिफोन खात्यात नोकरी केली. लग्न मात्र कसं पुरोगामी! ना हुंडा, ना मंगळसूत्र. दोन हार आणि समान सोबतीची शपथ. ‘अहो’ नाही, नावानेच हाक मारायची, हेही ठरलेलं. शुभाताईंनी जन्मभर त्यांना ‘गोविंद’ म्हटलं आणि जन्मभर त्यांच्या ताटात गरम पोळ्याही वाढल्या.

वल्लरी विद्यापीठात संशोधक होती. करार वाढवायचा की नाही, हे तिला आज कळवायचं होतं. सासू-सासरे आठवड्यात परतणार, मग चार वर्षांच्या लेकीला, जाईला, कोण बघणार? उन्मेषचं उत्तर तयार होतं: वल्लरीने नोकरी सोडावी आणि त्याच्या नोकरीच्या आधारे बायकोला मिळणाऱ्या पासवर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहावं.

“आई, मी नाही म्हणून टाकते,” भज्यांचं पीठ कालवता कालवता वल्लरी म्हणाली. “रोजची भांडणं नकोत. बाबाही म्हणाले, तात्पुरती माघार घे.”

शुभाताईंनी कांदा चिरायचा थांबवला. त्यांना बढती आली होती तेव्हा गोविंदने हाच शब्द वापरला होता. ती बढती पुन्हा कधी आली नाही.

संध्याकाळी गोविंदराव रंगात आले. “क्रांतीनंतर रशियात बाईला घटस्फोटाचा बरोबरीचा हक्क मिळाला! चीनने एकोणीसशे पन्नासच्या कायद्याने बालविवाह मोडीत काढले! सामुदायिक स्वयंपाकघरं निघाली, पाळणाघरं निघाली!” टाळ्या पडल्या. त्याच ओघात त्यांनी आत हाक दिली, “शुभा, भजी आण ना जरा.”

शुभाताई आल्या, पण रिकाम्या हातांनी.

“गोविंद, माझा एक प्रश्न आहे. तिथल्या बायका कारखान्यातून घरी आल्या की स्वयंपाक कोण करायचं?”



“प्रश्न रास्त आहे,” गोविंदराव चाचरले. “पाळणाघरं पुरी पडली नाहीत. ऐतिहासिक परिस्थिती अशी होती की…”

“म्हणजे बायकाच करायच्या. मग आपल्या घरात कुठली ऐतिहासिक परिस्थिती होती?”

“आई, लोक बसलेत,” उन्मेष दबक्या आवाजात म्हणाला.

“बसू देत. त्यांच्याही घरी चूल आहे.” शुभाताईंनी पदर कमरेला खोचला. “तिथे कायदे झाले, इथे शपथा झाल्या, पण बाईच्या हातातलं लाटणं काही सुटलं नाही. माझी माघार झाली तेवढी पुरे. सुनेला मी ती घेऊ देणार नाही. आणि नातीसाठी इथे थांबणारही नाही, मी मंगळवारी ठाण्याला चालले. घरात दोन धडधाकट पुरुष आहेत. गोविंद, तुझं तिकीट पुढे ढकल, जाईला शाळेत ने-आण कर. उन्मेष, तू ऑफिसातून वेळेवर घरी यायचं.”

“अगं, पण मला साधा कुकर लावता येत नाही!” गोविंदराव म्हणाले.

“मला तरी टेलिफोनचा बोर्ड कुठे येत होता? शिकले.”

स्वयंपाकघराच्या दारात वल्लरी उभी होती. पिठाचे हात तिने ओढणीलाच पुसले आणि फोन उचलला. सगळ्यांच्या देखत तिने मेल लिहिला.

“कळवलं, आई. करार वाढवते आहे,” ती म्हणाली.

जमलेल्या पुरुषांपैकी एकाचीही आपल्या बायकोकडे बघायची छाती झाली नाही. वाचकहो, तुमची होते का?