एकही लाल वायर नको

शिवांजलीचं डोकं डॅशबोर्डखाली होतं आणि पाय गाडीच्या दाराबाहेर. तोंडात टॉर्च धरलेला, त्यामुळे ती काय बोलली ते पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. टॉर्च काढून ती पुन्हा ओरडली.

"अप्पा, हॉर्नची वायर कुठली ओ?"

"तीन गाठींची," बॉनेटकडून तिच्या वडिलांचा, सिद्धाप्पांचा आवाज आला.

शिवाजी पेठेतले बाकीचे इलेक्ट्रिशियन रंगावरून वायर ओळखायचे. सिद्धाप्पा मात्र प्रत्येक टोकाला दोरा बांधून त्याला गाठी मारायचे. एक गाठ हेडलाइटची, दोन डायनॅमोच्या, तीन हॉर्नच्या. लोक हसायचे, पण सिद्धाप्पांचा हात लागलेली गाडी पुन्हा दहा वर्षं तक्रार करत नाही, हेही तेच लोक सांगायचे.

ही गाडी गणपतरावांची. छपन्न सालची, काळी, म्हशीसारखी भारदस्त. गेल्या हंगामात गणपतरावांनी तिच्या मागच्या सीटवर गुळाच्या ढेपा रचल्या. गुळाला उंदीर आले. गूळ बाजारात गेला, उंदीर राहिले, आणि जेवणावर बडीशेप खावी तसं त्यांनी गाडीचं वायरिंग खाल्लं. आता इंजिनापासून मागच्या दिव्यापर्यंत सगळं नवीन घालायचं होतं, आणि गणपतरावांची अट एकच होती.

"एक बी लाल वायर नको."

कारण उद्या फुटबॉलची फायनल होती. गणपतरावांच्या तालमीच्या संघाचा रंग हिरवा आणि समोरच्यांचा लाल. जिंकलो तर याच गाडीच्या टपावर कप ठेवून मिरवणूक निघणार होती. गणपतरावांच्या घरात तर फुटबॉलच्या हंगामात टोमॅटोसुद्धा यायचा नाही.

"लाल दिसली तर गाडी रंकाळ्याच्या तळ्यात ढकलीन," ते म्हणाले होते. "आणि पेठेतली एक गाडी तुमच्या दारात येणार न्हाय, सिद्धाप्पा. सांगून ठेवतो."

"सगळी हिरवीच घालतो की," सिद्धाप्पा म्हणाले होते. "गाडीला काय, करंट मिळाल्याशी कारण."

शिवांजली तेव्हा नेसरीला मावशीकडे होती. नववीचा निकाल लागला, आठ दिवस आंबे खाल्ले, आणि आज सकाळच्या एसटीने परत आल्यावर तिला ही अट कळली. तोवर वायरिंग गाडीत पसरून झालं होतं. डॅशबोर्डखालची जोडणी तेवढी तिच्यासाठी राहिली होती, कारण अप्पांची कंबर आता तिथे वाकत नव्हती. शिवांजलीची कुठेही वाकत होती. शिवाय यंदा तिने घरातली मिक्सरची मोटर एकटीने खोलून परत जोडली होती आणि एकच स्क्रू उरला होता.

तिने टॉर्च तीन गाठींच्या वायरवर मारला. लाल. शेजारची लाल. तिच्यामागची लाल. सगळा जुडगाच लाल.

ती सरपटत बाहेर आली, ती हसतच.

"अप्पा, तुमच्या धाडसाची कमाल हाय! सगळी लाल?"

सिद्धाप्पांचा हात थांबला.

"हिरवीच हाय की."

ते वायरकडे बघत नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते.

शिवांजलीला एकेक आठवायला लागलं. सिग्नलला स्कूटर उभी केली की अप्पा विचारायचे, "वरचा दिवा लागलाय का खालचा?" मंडईत ते प्रत्येक मिरची नाकाला लावून बघायचे. तिला वाटायचं, अप्पांचा स्वभावच चिकित्सक.

"वायरीच्या दुकानात खालच्या फळीवर हिरवी असती," सिद्धाप्पा हळूच म्हणाले. "वीस वर्षं तितंच असती. पाडव्याला दुकान रंगवलं, तवा फळ्या बदलल्या वाटतं दुकानदारानं."

"आईला ठाऊक हाय?"

"लग्नात तिच्या हिरव्या शालूचं कौतुक केलतं मी. शालू लाल होता. तवापासनं ठाऊक हाय."

शिवांजलीला हसायला आलं, पण अप्पा हसत नव्हते. ज्याला रंग दिसत नाही असा इलेक्ट्रिशियन. पेठेत हे पसरायला एक चहा पुरला असता.

दोन वाजले होते. गणपतराव पाचला येणार होते. नवीन वायरिंगला तीन दिवस लागत.

"काळी टेप किती हाय?" शिवांजलीने विचारलं.

"दोन रोल."

ती चप्पल न घालता पळाली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून होत्या नव्हत्या तेवढ्या, अकरा टेप घेऊन आली. मग बाप-लेक कामाला लागले. तिने वायरी धरायच्या, त्यांनी गुंडाळायच्या. केसांची वेणी घालावी तशी सगळी लाल वायर काळ्या टेपखाली गेली. राहिली फक्त टोकं, जिथे वायर स्क्रूला बसते तिथली अर्धा अर्धा इंच. एकूण बत्तीस.

शिवांजली घरात गेली आणि आईचं कपाट उघडून एक बाटली घेऊन आली. हिरवं नेलपॉलिश. जोतिबाच्या जत्रेत हौसेनं घेतलेलं आणि "शाळेत जाणारी पोर तू" म्हणून आईने जप्त केलेलं. तिने एकेक टोक रंगवायला घेतलं. सिद्धाप्पा टॉर्च धरून उभे राहिले.

"झालं हिरवं?"

"झालं."

"हे?"

"हे बी झालं."

बॉनेटखालची एकवीस टोकं झाली आणि बाटली संपली. डॅशबोर्डखालची अकरा तशीच राहिली. हे तिने अप्पांना सांगितलं नाही. डॅशबोर्डखाली कोण बघतंय?

पाच वाजता गणपतराव आले. बरोबर त्यांचे बालमित्र केरबा होते. ते कुठेही बरोबरच असायचे. दोघांनी बॉनेटमध्ये डोकी घातली.

"झ्याक हिरवं हाय, गणपा," केरबा म्हणाले.

"वास कसला ओ ह्यो?" गणपतरावांनी विचारलं.

"वार्निश हाय काका. गंज धरू नये म्हणून," शिवांजली म्हणाली.

सिद्धाप्पा घाईघाईने खोकले. गणपतरावांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा शिंकली, दोनदा शिंकली आणि तिसऱ्यांदा अशी गरजली की समोरच्या गॅलरीतून दोन बायका बाहेर आल्या. हॉर्न वाजला. दिवे लागले. गणपतरावांनी इंजिन बंद केलं, डोळे पुसले, आणि म्हणाले,

"आता खालचं बघू."

आणि एवढा मोठा माणूस टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरला.

शिवांजलीने रिकामी बाटली मुठीत आवळली. रंकाळा किती खोल आहे, हा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

"वा!" आतून आवाज आला. "काय हिरवंगार केलंय! उसाच्या फडात शिरल्यावानी वाटलं बघा!"

क्षणभर शिवांजलीला वाटलं, टॉर्चच बिघडला असणार.

"बघू, मला बी बघू दे," केरबा पुढे सरकले.

शिवांजली उडी मारून सीटवर बसली आणि तिने दार ओढून घेतलं. "नको काका! आत्ताच सोल्डरचा डाग दिलाय, हात भाजंल!"

गणपतराव दुसऱ्या दाराने बाहेर आले. केरबाला अडवणारी ती पोर त्यांनी पाहिली. मग ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"केरबा, जा, चार चहा सांग जा," ते म्हणाले. केरबा गेल्यावर ते खिडकीशी वाकले. आवाज एकदम बारीक झाला होता. "पोरी... हिरवी न्हाय व्हय?"

"हिरवीच हाय की काका!" शिवांजली मोठ्याने म्हणाली.

गणपतरावांनी श्वास सोडला. थोडा वेळ टपावरून हात फिरवला.

"उद्या मॅचला माझ्याशेजारी बसतीस काय? इतकी वर्षं केरबा असायचा. तो वरडला की मी वरडायचो. पण आता त्याला लांबचं दिसंना. गेल्या मॅचला तो त्यांच्या गोलला वरडला, आणि मी टोपी उडवली."

बॉनेटपाशी चिंधीने हात पुसणारे सिद्धाप्पा थांबले.

"येतो की," शिवांजली म्हणाली. "पण मी मधी बसणार. एकीकडं तुमी, एकीकडं अप्पा."

गणपतरावांनी मान वळवून सिद्धाप्पांकडे पाहिलं. सिद्धाप्पा मगाशीच स्वच्छ झालेला हात पुन्हा पुसायला लागले.

"तुमाला बी व्हय?" गणपतरावांनी विचारलं.

"व्हय," सिद्धाप्पा म्हणाले.