उपेक्खाचं प्रकरण

माझी जीभ जळो, न्यूट्रलचा शब्द मीच काढला होता.

आमच्या सायलीचे पप्पा कृषी खात्यात सहाय्यक. पाथर्डी तालुक्यातली खेडी मोटारसायकलवर पालथी घालायचे आणि घरी आले की वहीत लिहायला बसायचे. गाडी चालवणं हीसुद्धा धम्माची साधना, असं काहीतरी पुस्तक. शहाण्णवच्या दिवाळीपर्यंत त्याला चार वर्षं झाली होती. मेत्ता, म्हणजे मैत्री, हा पहिला गिअर, करुणा दुसरा, मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख, तिसरा. तीन प्रकरणं लिहून झाली होती आणि चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू? विहारात वाचून दाखवली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सूर्यभानकाकांनी डोळे पुसले. चौथं उपेक्खाचं, तिथं गाडं अडलं ते अडलंच. लिहायचे, फाडायचे, भरल्या ताटावरून उठायचे. नऊ वर्षांच्या पोरीशीही बोलणं बंद केलेलं.

मला आपलं शाळेतलं मराठी ठाऊक. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. असं म्हटलं की ते चिडायचे.

"दुर्लक्ष नव्हे गं. सुख येवो, दुःख येवो, मन डगमगत नाही, ती उपेक्खा."

"मग न्यूट्रल म्हणा की," मी भाकरी थापता थापता म्हणाले. "ना पहिला, ना दुसरा."

मी चेष्टा केली होती. त्यांचा घास हातातच राहिला.

करंजी घाटात पेट्रोल वाचवायला सगळेच इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरतात, पण पाय ब्रेकवर ठेवून. हे दुसऱ्या दिवसापासून शेवटचा उतार ब्रेक न लावता उतरायला लागले. मला सांगितलं आठवड्यानं, तेही बाजारातून भाजी काय आणली हे सांगावं तसं. मी भांडले, रडले, गाडीची किल्ली ज्वारीच्या डब्यात लपवली. त्यांनी ती शांतपणे शोधून काढली. त्या शांतपणाचीच मला भीती वाटायला लागली होती.

"एकट्यानं उतरण्यात काही अर्थ नाही, दीपा," एका शनिवारी ते म्हणाले. "मला भीतीच वाटत नाही, मग मन स्थिर राहिलं त्यात काय मोठं? ज्याच्यावर जीव आहे ते माणूस मागं बसलेलं असावं आणि तरी मन हलू नये. तू बस उद्या."

"मेले तरी बसणार नाही. डोकं फिरलंय तुमचं."

"बरं," ते म्हणाले आणि वही मिटली. इतक्या सहज मानलं, तिथंच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

रविवारी सकाळी विहार झाडून परत आले तर दाराला बाहेरून कडी. शेजारच्या भीमाबाई ओट्यावर मटकी निवडत बसल्या होत्या.

"भाऊ सायलीला गाडीवं घिऊन गेलं की," त्या म्हणाल्या. "लई खुशीत हुती पोरगी. पप्पा बोललं म्हनं, लई दिसांनी."

मी तशीच रस्त्याकडे धावले. नगरकडे निघालेली जीप मिळाली, तिला लोंबकळत करंजीच्या पुढं घाटाच्या पायथ्याशी उतरले. ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रक एकामागून एक वर चढत होते. सामान, शेरडं, लेकरं, सगळा संसार वर लादलेला. मी वळणापर्यंत पळत गेले आणि कान देऊन उभी राहिले. इंजिन बंद असलं की गाडी येताना ऐकूच येत नाही, हे मला तिथं उमगलं.

मग ती दिसली. सायली बापाला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसली होती. माझ्या मागून एक ट्रक घरघरत वळणाला येत होता. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

त्यांनी मला बघितलं. ओळखलंसुद्धा, मी शपथेवर सांगते. गाडी तेवढ्याच वेगानं येत राहिली. अगदी जवळ आल्यावर त्यांनी हँडल जरासं वळवलं. ब्रेक लावलाच नाही. माझ्या पदराला चाटून गाडी कडेच्या खडीत घुसली आणि आडवी झाली.

सायली खडीत पडली होती. गुडघा फुटला होता, हनुवटीतून भळभळ रक्त येत होतं. मी तिला मांडीवर घेतलं, पदर दाबून धरला. जीव वाचला होता, तेवढं मला पुष्कळ होतं. ट्रक थांबला. त्यातल्या बाया पाण्याची कळशी घेऊन धावत आल्या.

"पोरीच्या बापाला काय लागलं का बगा गं," त्यातली एक म्हणाली.

बापाला काही झालं नव्हतं. मैलाच्या दगडावर बसून, वही गुडघ्यावर घेऊन ते लिहीत होते. भराभर, एकही शब्द न खोडता.

"पप्पा," सायलीनं हाक मारली. थांबून पुन्हा मारली.

त्यांनी पान उलटलं.