बाईंचे दात आणि माझ्या रेघा

मित्रांनो, खोलीत कोणी दिसत नाही म्हणून दचकू नका. भिंतीजवळ मोठ्या बांगडीसारखा उभा आहे ना, तोच मी बोलतो आहे. मी एक जुना सीटी स्कॅनर आहे. आजवर किती माणसे माझ्या पोटात गेली आणि सुखरूप बाहेर आली, तो आकडा मला तोंडपाठ आहे. पण सांगितला तर तुम्ही म्हणाल, म्हातारा फुशारकी मारतो.

माझे काम तसे सोपे. पावाचे काप करावेत तसे मी माणसाचे काप करतो, फक्त सुरी न लावता. शरीरातून किरण पाठवायचे आणि एकेका कापाचे चित्र काढायचे. "एवढंच? दुखलंच नाही हो!" असे उठताना जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, आणि इतक्या वर्षांनंतरही ते ऐकून मला बरे वाटते.

मी आलो तेव्हा माझे काय कौतुक झाले! फीत कापली, भाषणे झाली, माझ्याशेजारी उभे राहून लोकांनी फोटो काढले. मग पलीकडच्या खोलीत नवीन यंत्र आले. ते माझ्या निम्म्या वेळात काम उरकते आणि दिसायलाही गोरेगोमटे आहे. माझ्या वाट्याला तोंडाच्या आणि घशाच्या गाठींचे रुग्ण तेवढे उरले. माझ्या टेबलाचे आवरण उसवले. वरचा एसी गळू लागला, तर दुरुस्तीऐवजी खाली एक बादली आली. बादली भरली की पाणी दाराखालून थेट व्हरांड्यात जाते. अजूनही जाते.

मात्र मामांनी मला कधी अंतर दिले नाही. मामा म्हणजे मला चालवणारे तंत्रज्ञ. सगळे रुग्णालय त्यांना मामाच म्हणते. त्यांच्या हातात कायम एक स्टीलची वाटी असते. "कानातलं, केसातल्या पिना, कवळी, सगळं यात. आता आ करा, मी बघतो," हे ते प्रत्येकाला म्हणणारच. कारण धातू मध्ये आला की माझे किरण अडखळतात आणि चित्रावर काळ्या-पांढऱ्या रेघा उठतात.

एके दिवशी एक चष्मेवाल्या मॅडम आल्या. मामांनी त्यांचे नाव ठेवले गणितवाली. माझी बारा वर्षांची धूळ खात पडलेली चित्रे त्यांनी उकरून काढली आणि एका कॉम्प्युटरला दाखवली. ही गाठ अशी दिसत होती, आणि या माणसाचे पुढे असे झाले, असे शेकडो वेळा शिकवले. कलिंगडवाला नाही का, टिचकी मारून आतला रंग सांगतो? तसा तो कॉम्प्युटर गाठीचा आकार, कडा, आतली रवाळ ठेवण बघून अंदाज सांगू लागला: कोणती गाठ औषधाला आणि किरणांच्या उपचाराला दाद देईल, कोणती देणार नाही. अंदाजच हं, ब्रह्मवाक्य नव्हे. तरी माझी जुनी चित्रे कुणाच्या तरी उपयोगी पडली म्हणून मला भरून आले.

आणि मग पोहण्याच्या बाई आल्या.

चाळीस वर्षे त्यांनी तलावाच्या काठावर उभे राहून मुलांना पोहायला शिकवले होते. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. "फरशी ओली आहे! पळायचं नाही!" एवढे त्या ओरडल्या की पाण्यातली मुलेसुद्धा थबकत, असे मामा सांगत. मामा त्यांचेच विद्यार्थी. आता बाईंच्या जिभेच्या मुळाशी गाठ झाली होती. गाठ उपचाराला दाद देणार नसेल तर जिभेचा बराच भाग कापावा लागणार होता. जीव वाचला असता, पण बाईंचे बोलणे कुणाला कळले नसते.

मामांनी वाटी पुढे केली. "बाई, काढता येण्यासारखे दात वगैरे..."

"माझे दात माझ्या तोंडात आहेत आणि तिथेच राहतील," बाई म्हणाल्या.

आता ज्यांनी लहानपणी कान धरून पाण्यात उतरवले, त्यांना 'आ करा' कसे म्हणायचे? मामांची जीभ रेटेना. ते नुसतेच "बरं" म्हणाले.

मी चित्रे काढली आणि बघतो तर काय! रेघाच रेघा! मामांना माझा आवाज ऐकू येत असता तर तिथेच ओरडलो असतो. तपासणाऱ्यांना वाटले, पक्के बसवलेले दात असतील, त्याला इलाज नाही. कॉम्प्युटरने अंदाज दिला: अशा दहांपैकी तिघांनाच नुसत्या उपचाराने गुण येईल. डॉक्टरांनी इतर तपासण्याही पाहिल्या, जड मनाने शस्त्रक्रियेकडे कल दिला आणि तारीख ठरवली.

दोन दिवस आधी गणितवाली माझ्या खोलीत आली. "मामा, या रेघा नेमक्या गाठीवरून गेल्यात. कॉम्प्युटर रेघांनाच गाठ समजला असेल. मला या आकड्याचा भरवसा वाटत नाही. दात पक्के होते ना?"

मामा खाली बसले. "मी तोंड उघडायला सांगितलंच नाही," ते म्हणाले. "बाईंना कसं सांगू, असं झालं मला."

लपवले असते तर कुणाला कळले नसते. पण मामा तसेच उठले आणि मोठ्या डॉक्टरांना जाऊन सगळे सांगितले. बोलणी खाल्ली. दुपारी बाईंना पुन्हा बोलावणे गेले.

बाई यजमानांसोबत आल्या. मामांनी वाटी धरली आणि डोळे मिटून म्हणाले, "बाई, आ करा."

बाईंचा चेहरा पडला. "अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"का? दातांसाठी?" यजमान शांतपणे म्हणाले. "अगं, लग्नानंतर पहिल्या महिन्यातच कळलं होतं मला. न्हाणीघरात, निळ्या पेल्यात ठेवतेस. दोनदा माझ्याच हातून पडता पडता वाचलेत."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

पुढचे चार दात, धातूच्या पट्टीसकट, खण्णकन वाटीत पडले. तलावाच्या कडेवर आपटून तरुणपणीच गेले होते म्हणे खरे दात. मामांचा जीवही त्याच भांड्यात पडला असावा.

"गिळू नका, हलू नका," मामा माइकवरून म्हणाले. बाई दगडासारख्या पडून राहिल्या. श्वास धरणे त्यांना कोण शिकवणार! आणि मी, मित्रांनो, जन्मात काढली नसतील इतकी नितळ चित्रे काढली. गाठ डॉक्टरांना वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. कॉम्प्युटरही म्हणाला, दहांपैकी आठ. डॉक्टरांनी पुन्हा बैठक घेतली आणि शस्त्रक्रिया रद्द केली.

सात आठवडे उपचार चालला. सोपा नव्हता तो. बाई वाळल्या, तोंड कोरडे पडू लागले, पाण्याची बाटली हातातून सुटेना. तीन महिन्यांनी त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. कुणी विचारण्याआधीच त्यांनी दात वाटीत टाकले, चित्रे झाल्यावर परत बसवले आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. काचेपलीकडे डॉक्टर चित्रे बघत होते. मामा त्यांच्या मागे उभे राहून नखे खात होते.

ते बघताहेत तोवर माझी एक विनंती ऐका. मी काय किंवा तो हुशार कॉम्प्युटर काय, आम्हाला दाखवाल तेवढेच दिसते. आमच्यापासून काही लपवू नका, आणि विचारायचे असेल ते कितीही मोठ्या माणसाला विचारायला लाजू नका. आमच्यावर विश्वास ठेवा, पण आमचे चुकले की काय हेही बघत जा. आणि जमलेच तर त्या गळक्या एसीचे कुणीतरी बघा हो.

तेवढ्यात डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "गाठ कुठेच दिसत नाही," ते म्हणाले.

पन्नाशीचे मामा माझ्या खोलीतून व्हरांड्याकडे पोरासारखे धावत सुटले. त्यांच्यामागे माझ्या खोलीचे दार धाडकन मिटले. ते दार शिशाचे आहे, मित्रांनो. त्यातून माझे किरण बाहेर जात नाहीत आणि बाहेरचा आवाज आत येत नाही. पण त्या दिवशी आला. अख्ख्या व्हरांड्याला थबकवणारा, शब्द न् शब्द स्वच्छ:

"फरशी ओली आहे! पळायचं नाही!"