वाळलेली गाळणी

गाळणीतून थेंब पडेना. मृणालिनीने पंपाचा दाब वाढवला, नळी चाचपली, वाकून पाहिलं. काटा चढला, बाटली मात्र कोरडीच.

अकरा वाजता गॉलवेहून औषध कंपनीची माणसं येणार होती. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या या प्रयोगशाळेत दोन वर्षं तिला एकच ध्यास होता: ह्वांगची नावाच्या चिनी मुळाचा काढा, कारखान्यात करतात तसं पिंपात अल्कोहोल न ओतता, नितळ करायचा. गाळणी म्हणजे शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा, नळ्यांच्या भिंतींत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. पिठूळ चिकटा आत अडायचा, औषधी पाणी बाहेर झिरपायचं. पाहुण्यांना ते पटलं तर काम पुढे, नाहीतर प्रकल्प गुंडाळायचा, असं वरिष्ठ डेक्लनने सांगून ठेवलं होतं. वर "होईल, सगळं ग्रँड होईल," म्हणून स्वारी चहाला गेलेली. घराला आग लागली तरी या माणसाचं ग्रँडच.

काढा दाट झाला असेल म्हणून तिने तो काढून घेतला आणि साधं पाणी सोडलं. तेही जाईना. म्हणजे काढ्याचा दोष नव्हता. त्यात आज अंगारकी, पोटात नुसता चहा.

"यामिनी, शुक्रवारी गाळणी तू धुतलीस ना?"

यामिनी पुण्याहून नुकतीच रुजू झालेली. "हो ताई, चकाचक. पाण्याने, मग सोड्याने, परत पाण्याने."

"मग पाणी भरून ठेवलीस?"

"छे, सोमवारपर्यंत सुट्टी होती. ओलं कसं ठेवायचं, वास नाही का मारणार? हवा मारून कोरडी ठणठणीत केली आणि प्रेसमध्ये ठेवली." कपाटाला प्रेस म्हणायला ती इथे आल्या आल्या शिकली होती. "आमच्याकडे ओलं भांडं फडताळात गेलं तर आई जेवू द्यायची नाही."

मृणालिनीने डोळे मिटले. या नळ्या वाळल्या की छिद्रं मिटतात. हिला रागवावं तर कोणत्या तोंडाने? आपल्या आईनेही हेच शिकवलेलं. धुवायचं कसं ते दहादा सांगितलं, ओली ठेवायची हे सांगायचं मात्र राहिलं.

दुसरी गाळणी मागवली तर यायला सहा आठवडे. उपाय एकच होता, नळ्या अल्कोहोलमध्ये भिजवायच्या, छिद्रं उघडली तर उघडली. ज्याला हद्दपार करायला निघालो त्याचेच पाय धरायचे! अडला हरी, दुसरं काय. तिने नळ्या भिजवल्या, पाण्याने पुन्हा पुन्हा धुतल्या आणि काढा सोडला.

पाहुणे आले तेव्हा थेंब पडत होते. सोनेरी, नितळ. पण धार नाहीच.

कंपनीच्या ग्रेनबाईंनी बाटली उजेडात धरली. "सुंदर आहे. ही भरायला किती वेळ लागतो?"

"एरवी पाच मिनिटं. आज तास लागेल."

"का बरं?"

डेक्लन खाकरला. मृणालिनी म्हणाली, "गाळणी सुट्टीत वाळली. ओली ठेवायला हवी होती, आमच्याकडून चुकलं."

"आमच्याकडे रात्रपाळीला सतत नवी माणसं येतात. त्यातला एक जण विसरला तर हेच होणार?"

"हो."

"अल्कोहोलच्या पिंपाचं असं काही नसतं," ग्रेनबाई मऊपणे म्हणाल्या. आणि त्यांनी कोट चढवला. त्यांना पोचवायला डेक्लन खाली गेला. परत आला तो मान हलवतच.

"संपलं," एवढंच म्हणाला.

यामिनी सिंकपाशी उभी होती. "ताई, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगून धार वाढली असती?" मृणालिनी म्हणाली, आणि आवाज चढला म्हणून स्वतःवरच आणखी चिडली.